चाबकाविना

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. माझ्यासारख्या माणसाच्या तोंडी हे वाक्य म्हणजे केवढी मोठी घटना आहे, ते माझ्या बायकोला विचारा. मी दाढ काढायला गेलो तरी खुर्चीत बसल्या बसल्या डॉक्टरांना तीन किस्से ऐकवतो आणि तोंडात कापूस असताना चौथा सुरू करतो. माझ्या पोटात टिकलेली गोष्ट आख्ख्या कोल्हापुरात शोधून सापडायची नाही — ही एक सोडून. नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत हिच्या अवतीभवतीचं सगळं सांगून झालं, रंगवून सांगून झालं, त्यावर टाळ्या घेऊन झाल्या. ही तेवढी राहिली.

बसा जरा जवळ. मित्र समजून सांगतोय. तुम्हीही मला मित्र समजा असा आग्रह नाही. शेवटपर्यंत ऐकल्यावर तुम्हालाच ते जमायचं नाही.

तुम्ही मला पाहिलं असेलही. एखाद्या पतसंस्थेच्या मेळाव्यात, नाहीतर मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात. पांढरा झब्बा, पिळदार मिशा, हातात माईक, पायात करकरणारी कोल्हापुरी — ती मी मुद्दाम करकरणारीच घेतो. व्याख्यानाचं नाव ‘चाबकाविना’. माणसाचा हात कधी न लागलेली एक रानटी घोडी मी न मारता, न बांधता, न ओरडता कशी माणसाळवली, त्याची कहाणी. पहिली दहा मिनिटं लोकांना लोळवून हसवतो. मग आवाज खाली आणतो. ‘आणि एक दिवस — ती माझ्याकडं आली’ असं म्हणून डावा हात पुढं करतो आणि थांबतो. मनात चार आकडे मोजतो. तिसऱ्या आकड्याला पहिल्या रांगेतल्या कुणीतरी बाई पदर डोळ्याला लावतातच. चौथ्याला मी हात मिटतो.

मग चहाच्या वेळी साहेब लोक येतात, माझा हात दाबतात आणि म्हणतात, “सर, मी स्टाफला कायम हेच सांगतो. पेशन्स!” काय सांगतोस रे बाबा? तासाभरापूर्वी खुर्च्या वाकड्या लावल्या म्हणून शिपायाला आईवरून बोललास, ते मी मागच्या खोलीत पोहे खाताना ऐकलं की. पण मला ही माणसं आवडतात. फसायला इतकी आतुर असतात की फसवणाऱ्याला कष्टच पडत नाहीत. संयमावर व्याख्यान ऐकायचं आणि ते दहा मिनिटं लांबलं की घड्याळाकडं बघायचं! मी त्यांची मनातल्या मनात टर उडवतो, पाकीट घेतो, नारळ घेतो, शाल घेतो. घरी अशा शाली किती झाल्यात, विचारू नका. त्यातली एकही अंगावर घ्यायच्या लायकीची नसते. माझ्यासारखीच. वरून चकाकी, आत धागा नाही.

तर — घोडी.

पण घोडीच्या आधी माझे वडील सांगायला हवेत. नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या घरचा धंदा वरातीच्या घोड्यांचा. वडिलांना सगळे अण्णा म्हणत, आम्हीही. अण्णांकडं चार घोडे असत आणि लग्नसराईत ते पाची पेठांत फिरत. वरातीचा घोडा म्हणजे काय असतं, विचार केलाय कधी? डोक्यावर ढोल, कानाशी ताशा, पायात फटाके, पाठीवर आयुष्यात पहिल्यांदाच बसलेला एक घामट नवरदेव. घोडा म्हणजे मुळात पळून जायला जन्माला आलेलं जनावर, आणि या सगळ्यात त्यानं पुतळ्यासारखं उभं राहायचं. ते कसं जमवायचं? अण्णांची पद्धत होती. तिला आमच्याकडं ‘पाडणं’ म्हणत. नवं घोडं आलं की त्याच्या पायात सोल अडकवायचा — सोल म्हणजे जाड दोरखंड — दोघांनी दोन्हीकडून ओढायचा, घोडं आडवं करायचं आणि एकानं त्याच्या मानेवर बसायचं. मारायचं नाही. अण्णा अभिमानानं सांगत, मी घोड्याला कधी छडी लावली नाही. नुसतं बसून राहायचं. घोडं धडपडतं, ओरडतं, घामानं निथळतं, पुन्हा धडपडतं. मग एका क्षणाला थांबतं. अण्णा त्याच्या डोळ्यात बघायचे आणि म्हणायचे, “इझलं. सोडा आता.”

डोळा विझला की घोडं तयार झालं. त्यानंतर त्याच्या कानाशी तोफ उडवली तरी ते हलत नसे.

लहानपणी मी ते पाहिलं आणि मला त्याची किळस आली. हे खरं आहे. व्याख्यानात मी ते सांगतो, आणि तेवढा भाग तरी खराच आहे. अण्णा गेल्यावर मी वरातीचा धंदा बंद केला, दोन घोडे ठेवले आणि मुलांना घोडेस्वारी शिकवायला लागलो. लोक मला मास्तर म्हणू लागले. मोबाईलवर परदेशातल्या टोपीवाल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले — घोड्याशी हळुवार वागा, त्याच्यावर ताण आणू नका, त्याला विचार करायला वेळ द्या. मी तसली टोपीसुद्धा मागवली. शब्द पाठ केले. बोलायला तर मला जन्मतःच येत होतं. घोड्याजवळ गप्प बसायला मात्र कधीच आलं नाही — आणि घोड्याजवळ तेवढंच लागतं, हे मला एका धनगर बाईनं शिकवलं. शिकवलं म्हणजे दाखवलं. शिकलो मी नाही.

शाहूपुरीत गुळाची अडत असलेले एक गृहस्थ होते, त्यांना आपण तात्या म्हणू. मुरगूडच्या रस्त्याला त्यांचं शेत. तिथं त्यांना घोडेस्वारीचं केंद्र काढायचं होतं, मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. त्यांनी धनगरांच्या तळावरून एक तांबडी घोडी घेतली. धनगरांची घोडी मेंढरांबरोबर बिऱ्हाड वाहतात, ती गरीब असतात. ही मात्र माळावर मोकळी वाढलेली, चार वर्षांची, दोरी म्हणजे काय ते न पाहिलेली. ट्रकमधून उतरवताना तिनं फळी फोडली आणि एका माणसाचं मनगट. तात्या खूश. “मास्तर, असली पायजे! ह्या घोडीला तुमी चाबकाबिगर माणसात आणायचं. बोर्डच लावतो तसा.” मी टोपी सरळ केली आणि म्हणालो, “तात्या, दोन महिन्यांत तुमच्या हातातून गूळ खाईल.”

पंधरा दिवसांनी ती मी दिसलो तरी रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कुंपणाला छाती लावून थरथरत उभी राहायची. मी तिच्याशी काय काय बोललो नाही! हळू बोललो, गोड बोललो, टोपीवाल्यांसारखी शीळ घातली. माझ्यासमोर एवढी पडेल प्रेक्षक कधी आली नव्हती.

घोडी ज्याच्याकडून घेतली, त्या धनगराची बहीण सत्यव्वा. सगळे तिला सत्याक्का म्हणत. पन्नाशी उलटलेली, नवरा गेलेला, आणि कमरेचं हाड असं धरलेलं की मेंढरांमागं चालणं तिच्यानं होत नव्हतं. तळ उठला की तिला टेम्पोत सामानावर बसवून न्यावं लागे, आणि त्याची तिला फार लाज वाटे. पण जनावराच्या बाबतीत तिच्या हाताची ख्याती होती. लाथाळ म्हैस असो, चावरं तट्टू असो, लोक तिला बोलवायचे. भावानंच तात्यांना सुचवलं. तात्यांनी तिला शब्द दिला — ही घोडी माणसाळली तर केंद्रावर कायमचं काम आणि राहायला एक खोली. पत्र्याची का असेना, स्वतःची. सत्याक्कानं ती खोली आधी जाऊन बघितली. दार दोनदा उघडून लावून बघितलं. मला ते आठवतं.

आणि मग तिनं काय केलं? काहीच नाही. खरंच सांगतो. रिंगणाच्या बाहेर घोडीकडं पाठ करून बसली आणि चातीवर लोकर कातायला लागली. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. घोडीनं नुसतं तिच्याकडं बघितलं — कान तिच्याकडं वळले — की ही चाती कमरेला खोचायची, उठायची आणि लंगडत निघून जायची. मी हसलो. मी मोठ्यानं हसलो, कारण शेतावरची दोन माणसं ऐकत होती.

“अक्का, घोडी बघायला लागली की तुम्ही पळताय होय?”

“व्हय की, मास्तर. तिनं बगितलं की आपुन जायाचं.”

“का पण?”

“तिला कळाय पायजे — आपुन बगितल्यावर मानूस जातंय. मग तिला भ्या कशाचं?”

एवढंच. माझ्या टोपीवाल्यांनी यावर पुस्तकं लिहिली असतील. नवव्या दिवशी सत्याक्का रिंगणाच्या आत जाऊन बसली, पुन्हा पाठ करून. विसाव्या दिवशी घोडी दहा पावलांवर आली, पंचविसाव्या दिवशी तिनं सत्याक्काच्या पदराचा वास घेतला आणि लोकर चावून बघितली. सत्याक्का वळली नाही. “यव्वा, ती खायाची न्हवं,” एवढं म्हणाली आणि उठून गेली. महिन्याभरात ती मागं न बघता हात मागं न्यायची आणि घोडीच्या मानेच्या मुळाशी खाजवायची, जिथं घोड्या एकमेकींना दातांनी खाजवतात तिथं. घोडीचा खालचा ओठ लोंबायला लागायचा. मी व्याख्यानात तो ओठ करून दाखवतो. प्रचंड हशा येतो.

मी सगळं वहीत लिहून घेत होतो. आणि तात्यांना संध्याकाळी फोन करून सांगत होतो — आज मी अमुक केलं, आज मी तमुक केलं. मी. सत्याक्काचं नाव यायचं, येत नव्हतं असं नाही. “अक्काची मदत होते” असं मी म्हणायचो. मोठ्या मनाचा माणूस ना मी!

पण ही चोरी म्हणजे ती गोष्ट नव्हे. तुम्हाला वाटलं असेल, हाच याचा कबुलीजबाब. दुसऱ्याचं श्रेय घेतलं, बिचाऱ्याला पश्चात्ताप झाला. तेवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. त्याचाही एक किस्सा केला असता, शेवटी गळा दाटून आणला असता, आणि तुम्ही मला आणखी एक शाल दिली असती.

तात्यांनी उद्घाटनाची तारीख धरली. पत्रिका छापल्या. कुणीतरी मोठे पाहुणे येणार, मोबाईलवाले, कॅमेरेवाले येणार. कार्यक्रम असा — मास्तर रिंगणात जातील, घोडी त्यांच्याकडं येईल, ते खोगीर घालतील, वर बसतील आणि पाहुण्यांना मुजरा करतील. वीस मिनिटांत. पत्रिका हातात घेऊन मी सत्याक्काकडं गेलो. तिला वाचता येत नव्हतं. मीच वाचून दाखवलं.

“आनी यक म्हैना द्या,” ती म्हणाली. “आता पायबंद घालाय देती. म्हैन्यानं पाठीवर घील. तुमाला न्हाई घ्यायची, मास्तर. तुमी लई बोलताय.”

दुसरा मार्ग होता. रिंगणात मी जायचंच कशाला? सत्याक्कानं नेहमीसारखं पाठ करून बसायचं, घोडीनं येऊन तिच्या खांद्यावर नाक टेकायचं — त्या पाहुण्यांनी जन्मात असलं काही पाहिलं नसतं. मी तात्यांना हे सांगितलं. खरं म्हणजे अशा आवाजात सांगितलं की त्यांनी नाहीच म्हणावं. आणि त्यांनी म्हटलं.

“खुळं का काय, मास्तर? एवढं मोठं पाव्हणं येणार आणि त्येंच्याकडं पाठ करून बाई बसवायची व्हय? मान-पान हाय का न्हाई काय?”

बघा हं. आपल्याकडं व्यासपीठावरून उतरतानासुद्धा प्रमुख पाहुण्यांकडं पाठ होऊ नये म्हणून माणसं खेकड्यासारखी आडवी चालतात. आणि घोडीला तर फक्त पाठ समजत होती. तात्यांचं ‘न्हाई’ ऐकून मला आनंद झाला. रिंगण माझं राहिलं. ‘घोडी तयार नाही’ एवढे तीन शब्द तात्यांना सांगायचे होते. मी — जो दाढ काढताना बोलतो — मला ते तीन शब्द बोलता आले नाहीत. कारण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग एवढे दिवस मास्तर, तुम्ही काय करत होता?

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी सत्याक्का भावाच्या तळावर निघाली. खोलीत लावायला तिची भांडी आणि घोंगडी आणायची होती. जाताना तिनं घोडीच्या पुढच्या पायांना पायबंद घातला. स्वतः वळलेल्या लोकरीच्या मऊ दोरीचा. “संध्याकाळी सोडा, मास्तर. आनी लांबनंच सोडा, गप ऱ्हाऊन.” मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांनी शेतावरच्या माणसांना मांडवाचं सामान आणायला कोल्हापूरला पाठवलं होतं. मी अण्णांच्या वेळच्या दोघा म्हाताऱ्या गड्यांना बोलावून घेतलं. घरच्या माळ्यावरून सोल काढून आणला. अण्णांचाच. इतकी वर्षं मी तो ठेवला कशाला होता? ज्याची मला एवढी किळस होती तो दोर मी धंदा बंद करताना विकला नाही, जाळला नाही, नीट गुंडाळून ठेवला. हे तुम्हीच बघा आता.

आम्ही घोडीला पाडलं.

पाऊण तास लागला. गेल्या दीड महिन्यात माणसाचा हात वाईट नसतो असं तिला पटत आलं होतं, म्हणून तिनं दोर जवळ येऊ दिला. आधीची घोडी असती तर आम्हाला जमलंच नसतं. सत्याक्कानं दीड महिना खपून जे केलं होतं त्याच्याच आधारानं आम्ही तिच्यापर्यंत पोचलो. मानेवर मी बसलो. वजन ऐंशी किलो. ती ओरडली. घोडी खिंकाळते ते तुम्ही ऐकलं असेल, हा आवाज वेगळा असतो. गडी शांतपणे तंबाखू मळत दोर धरून उभे होते, त्यांना यात काही वावगं वाटतच नव्हतं. आणि मला — आता नीट ऐका — मला मजा येत होती. महिनाभर जी माझ्याकडं बघून थरथरत होती, जिच्यासमोर मी शेतावरच्या माणसांत हास्यास्पद ठरलो होतो, ती माझ्याखाली होती. आणि मी बोलत होतो. सगळा वेळ बोलत होतो. “काय बाई, आता कुठं जाशील? आता ऐकशील की नाही?” तिला ऐकावंच लागत होतं.

मग ती थांबली. मी वाकून डोळ्यात बघितलं आणि मोठ्यानं म्हणालो, “इझलं. सोडा आता.” आवाज हुबेहूब अण्णांचा निघाला. मला नकला चांगल्या येतात.

पुढच्या उजव्या पायाला, खुराच्या वर, सोलानं कातडी सोलली होती. मी हळद-तेल लावलं आणि वरून माती फासली.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सत्याक्का भांड्यांचं बोचकं घेऊन टेम्पोतून उतरली. बोचकं खोलीच्या दाराशी ठेवलं आणि आधी रिंगणात गेली. पाठ करून बसली. घोडी आली नाही. पळालीही नाही. होती तिथं उभी राहिली. सत्याक्का बराच वेळ बसली, मग तिनं हात मागं केला आणि तसाच धरून ठेवला. मांडवाचे लोक खुर्च्या मांडत होते. शेवटी ती उठली, घोडीसमोर गेली आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं. घोडीनं धरू दिलं.

“हिला काय झालं, मास्तर?”

“गर्दीला बुजलीय,” मी म्हणालो.

“बुजल्यालं आसं नसतंय,” ती म्हणाली. पण तात्यांनी तिला हाक मारली, बायकांना चहा द्यायला.

कार्यक्रम? अहो, काय सांगू! मी रिंगणात गेलो, हात पुढं केला, घोडीच्या गळ्यातली दोरी बोटभर ओढली. ती आली. खोगीर घातलं, बसलो, मुजरा केला. लोक उठून उभे राहिले. मोठ्या पाहुण्यांनी माईकवर सांगितलं की आज प्रेमाची ताकद पाहिली. मूर्ख कुठले. समोर एक मेलेलं जनावर चालत होतं आणि तीनशे माणसांना त्यात प्रेम दिसलं. तीनशेतल्या फक्त एका बाईनं टाळी वाजवली नाही.

आणि मी खाली उतरलो तेव्हा तिच्या पायाला फासलेल्या मातीतून रक्त झिरपायला लागलं.

पाहुण्यांत जनावरांचे एक डॉक्टर होते. त्यांनी वाकून बघितलं आणि तात्यांना बाजूला घेतलं. तात्यांचा चेहरा उतरला. बाहेर ‘चाबकाविना’ असा बारा फुटी बोर्ड, आत कॅमेरे, आणि घोडीच्या पायाला दोराचा घाव. मांडवामागं त्यांनी आम्हा दोघांना उभं केलं, मला आणि सत्याक्काला.

“पाय कुणी बांधला हुता हिचा?”

मी म्हणालो, “परवा जाताना अक्कांनी बांधला होता.”

एकही शब्द खोटा नव्हता. आहे की नाही कसब? मी एवढा गप्पिष्ट माणूस, पण जन्मातलं सगळ्यात मोठं खोटं पाच शब्दांत बोललो, आणि पाचही खरे. आवाजात जरा संकोचही आणला, म्हणजे बिचाऱ्या बाईचं नाव घ्यावं लागतंय म्हणून मलाच वाईट वाटतंय असा.

सत्याक्कानं जखम बघितली. मग स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले.

“माज्या गाठीनं असं हुत न्हाई, तात्या,” ती म्हणाली. “न्हाई हुत...” दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता. मी ते ऐकलं. आवाजातलं मला फार चटकन कळतं.

संध्याकाळी त्याच टेम्पोनं ती परत गेली. बोचकं सोडलंच नव्हतं.

घोडी अजून तात्यांच्या केंद्रावर आहे. कुणीही बसतं, लहान पोरंसुद्धा. डोळ्याच्या कडेला माशा बसतात, ती मान हलवत नाही. लोक म्हणतात किती गरीब आहे. मी तिकडं जातो तेव्हा ते तिच्याबरोबर माझा फोटो काढतात.

आता राहिलं शेवटचं. वर जे सांगितलं ते कदाचित तुम्हाला पुरेसं वाईट वाटलं असेल, आणि खरं सांगतो, मलाही बरीच वर्षं तेच सगळ्यात वाईट वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी मी मुरगूडच्या बाजारात गाडी उभी करून मिरच्या घेत होतो. “मास्तर!” अशी हाक आली. भाचीच्या लसणाच्या पाटीशेजारी पोत्यावर सत्याक्का बसली होती. मी पळालो नाही, कारण चारचौघांनी मला ओळखलं होतं आणि एकजण तर सेल्फी मागत होता.

तिनं मला बसवलं, चहा सांगितला. भाऊ मेंढरं घेऊन खालच्या मुलखात गेला होता, हिला भाचीकडं ठेवून. मी विचारलं, जनावरांचं चाललंय का काही? ती म्हणाली, न्हाई. हात लावत न्हाई आता. लोक बोलवायचे, पण तीच जात नव्हती.

“मी लई इचार केला, मास्तर. त्या दिशी बोचक्याची घाई हुती. खोलीचंच डोक्यात. गाठ मारताना हात घट्ट पडला आसंल माजा. मुक्या जनावराला इजा झाली आनी मी तुमास्नी खाली बगाय लावलं, त्येवड्या मानसांत. हाताचा इस्वास ग्येला बगा माजा.”

ती माझी माफी मागत होती.

एक वाक्य होतं. फार मोठं नाही — ‘अक्का, दोर माझा होता.’ आजूबाजूला कुणी ऐकत नव्हतं. सेल्फीवाला निघून गेला होता. तात्यांनी आता मला काही केलं नसतं, माझी व्याख्यानं त्या बाईमुळं बंद पडली नसती, तिनं ते कुणाला सांगितलंही नसतं. काहीच धोका नव्हता, समजतंय ना तुम्हाला? त्या वेळी उद्घाटन होतं, पत्रिका होत्या, तात्या होते. बाजारात काय होतं? कपातला चहा होता.

मी तिचा हात हातात घेतला. डोळे जरा बारीक केले. आणि माझ्या त्या खालच्या, व्याख्यानातल्या आवाजात म्हणालो, “होतं, अक्का. माणसाकडून होतं. मी कधी मनात धरलं नाही.”

मी तिला क्षमा केली.

तिनं पदर डोळ्याला लावला आणि मला हात जोडले. मी ते जोडलेले हात खाली केले, मोठी माणसं करतात तसे. लसणाची एक गड्डी तिनं बळंच पिशवीत टाकली. तिथून मी जयसिंगपूरला गेलो, संध्याकाळी व्याख्यान होतं. फार रंगलं.

ती अजून मुरगूडलाच आहे. कोल्हापुरातून तासाभराचा रस्ता. मी गेलेलो नाही.